दोन सेकंदांना एक बुडबुडा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, कारण काहीच नाही. तेव्हा पाकीट बघून उगाच छातीत धस्स करून घेऊ नकोस. मी ठीक आहे, तुझी भावजय ठीक आहे, तुझी खालची खोली ठीक आहे आणि टाकी तर इतकी ठीक आहे की विचारू नकोस. (म्हणजे विचार, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर विचार.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाच्याच्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणजे त्यांची चैन असणार. इकडे माझा डावा गुडघा जिन्याच्या चौथ्या पायरीवर रोज कटकन वाजतो आणि त्यावरून तुझी भावजय वरच्या वर ओळखते की स्वारी तुझ्या खोलीतून परत येते आहे. सूनबाईंना आशीर्वाद. नातवाचा पुढचा दात आला का, ते कळव. गेल्या वेळी फोनवर त्यानं मला ती फट दाखवली होती, आणि फोनवर नीट दिसलेली ती एकमेव गोष्ट होती.

तू म्हणशील, फोन असताना हा पत्राचा उपद्व्याप कशाला. त्याचं असं आहे, की फोनवर तू विचारतेस टाकी कशी आहे, मी म्हणतो झकास, आणि शेजारी बसलेली तुझी भावजय जे नाकातून हसते ते तुला थेट तिकडे ऐकू जातं. शिवाय भाचा फोन असा धरतो की मला तुझं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. कपाळाशी माणूस किती वेळ बोलणार? पत्राचं बरं असतं. मी सांगेन त्याच क्रमानं तुला ऐकावं लागतं आणि मध्येच "ते राहू दे, आधी हे सांग" असं म्हणता येत नाही. लहानपणापासून ही संधी मला मिळालेली नाही, तेव्हा मी ती पुरेपूर घेणार आहे.

तू गेलीस त्याला आठ महिने झाले. जाताना हातात किल्ली ठेवलीस आणि दोनच गोष्टी बजावल्यास: माशांना रोज चिमूटभर खाणं घाल, आणि टाकीच्या बाबतीत स्वतःचं डोकं चालवू नकोस. पहिली मी आजतागायत पाळली. दुसरीही पाळली असती. पण दोन महिन्यांपूर्वी फोनवर तू सहज बोलून गेलीस (घरातलं दूध संपलंय हे सांगावं तितक्या सहज) की टाकीतली झाडं आता गेलीच असतील. ह्यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. ती गेली की त्या खोलीत माझं असं काय उरलं? खोलीचा करार संपतोय तेव्हा नवा करायचा नाही, मुलगा राहा म्हणतोय तर इथेच राहते. मी म्हणालो, बरोबर आहे, तुझी सोय बघ. मोठ्या बहिणीला धाकट्यानं दुसरं काय म्हणायचं? फोन ठेवला, खाली गेलो, टाकीचा दिवा लावला, खुर्ची ओढून समोर बसलो आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मासे सोडून झाडांकडे बघितलं.

ताई, आता झालं ते झालं म्हणून खरं सांगतो. झाडं जायच्याच बेतात होती. पुढचं गवत तपकिरी. मधल्या रुंद पानांना भोकं, जणू कुणी तिकिटं तपासत गेलंय. आणि उजव्या कोपऱ्यात मागे भाऊजींचं ते लाल पानांचं झाड होतं ना, ज्याच्यासमोर ते संध्याकाळी डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बसायचे, त्याची अंगठ्याएवढी काडी उरली होती आणि काडीवर दोन पानं. तीही लाल नव्हती. त्यांचा काही रंगच नव्हता. मला एकदम आठवलं, की भाऊजी जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात मला म्हणाले होते, लाल झाडाला नवीन पान आलंय का बघून सांग. मी न बघताच "आलंय" म्हणून सांगितलं होतं. ते मला फार लागलं. तिथेच ठरवलं, की करार संपायच्या आत ही झाडं उभी करायची. तुझ्यासमोर हिरवीगार टाकी ठेवायची आणि मग तुला म्हणायचं, की आता जा खुशाल कुठे जायचं ते.

दुसऱ्याच दिवशी भाऊजींच्या नेहमीच्या दुकानात गेलो. त्या दुकानदाराला आम्ही टाकीवाला म्हणतो. माणूस असा, की शब्द मोजून देतो आणि सुटे परत घेतो. मी दहा मिनिटं झाडांच्या आजाराचं वर्णन केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय." बस्स. झाडं पाण्यात असली तरी तो लागतोच त्यांना, दिवा असला की ती तोच खाऊन वाढतात, आणि बंद टाकीत तो पुरेसा नसतो, एवढं त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाळी देता देता सांगितलं.

मी दुकानात मोठ्यांदा हसलो. ताई, मी! चौतीस वर्षं सोडा फॅक्टरीत भरणी खात्याचा मुकादम! पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंबणे याशिवाय मी आयुष्यात दुसरं काही केलेलंच नाही. अख्ख्या गावाच्या ढेकरा माझ्या हाताखालून गेल्या आहेत. आणि हा मला गॅस कमी पडतोय म्हणून सांगणार? मी त्याला म्हटलं, बाबा रे, गॅसचं तू माझ्यावर सोड. त्यानं माझ्याकडे क्षणभर बघितलं, खण उघडला आणि एक चार पानी पत्रक पुढे सरकवलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: छोट्या टाकीतल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड, नवशिक्यांसाठी. नवशिक्यांसाठी! निवृत्तीच्या दिवशी ज्याला साहेबांनी स्वतः मशीन बंद करायचा मान दिला, त्याला! मी ते पत्रक घडी करून खिशात घातलं ते न वाचण्यासाठीच. (ते धुवायच्या कपड्यांतून तुझ्या भावजयीला सापडलं आणि तिनं ते अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. याचा उल्लेख पुढे येईल. मला टाळता आला असता तर टाळला असता.)

आता पहिला प्रयोग. मी विचार केला, की पाण्यात गॅस हवा आहे, आणि गॅस भरलेलं पाणी बाजारात तयार मिळतं. मग नळ्या, बाटल्या, साखर, यीस्ट असला पोरखेळ हवाच कशाला? मिठाचा अंशही नसलेला, साधा, चांगल्या दाबाचा सोडा निवडून आणला. (अंगठ्यानं दाबून बघितला. आमच्या खात्यात नियमच होता: अंगठा आत गेला तर माल परत.) झाकण उघडलं तेव्हा जो आवाज आला, त्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हण. अख्खी बाटली टाकीत सोडली. ताई, काय देखावा होता! पानापानावर बुडबुडे, वाळूतून बुडबुडे, लाल झाडाच्या त्या काडीला तर मोत्यांची झालर. आणि मासे? अकराच्या अकरा गप्पी वर आले, पाण्याच्या टोकाला तोंडं लावून रांगेत उभे राहिले आणि माझ्याकडे बघून तोंडं उघडझाप करू लागले. मला वाटलं, आभार मानताहेत. मी त्यांना "अरे असू दे, असू दे" असंही म्हणालो.

तेवढ्यात तुझी भावजय पत्रक हातात घेऊन जिना उतरली (तिचा गुडघा वाजत नाही, त्यामुळे पूर्वसूचना मिळत नाही) आणि तिसऱ्या पानावरचं वाक्य मला वाचून दाखवलं, की मासे वर येऊन धापा टाकू लागले तर गॅस जास्त झाला आहे असे समजावे व त्वरित उपाय करावा. पुढचा अर्धा तास मी सांगत नाही. निम्मं पाणी बदललं. उरलेलं मी मगानं भरून हातभर उंचावरून परत टाकीत ओतत होतो, हवा मिसळावी म्हणून. ती मोजत होती: आठ ठीक, नऊ ठीक, तो तुमचा साहेब अजून आडवा आहे. (साहेब म्हणजे सगळ्यांत मोठा, पोट पुढे आलेला. आमच्या जुन्या मॅनेजरसारखा दिसतो म्हणून मी ते नाव ठेवलं.) शेवटी साहेबही उलटला, म्हणजे सुलटा झाला, आणि काहीच झालं नसल्यासारखा वाळूत तोंड घालून चरायला लागला. आमचा मॅनेजरही अगदी असाच होता. मी तिथल्या तिथे तुझ्या पलंगावर बसलो. तुझी भावजय पत्रक माझ्या मांडीवर ठेवून वर निघून गेली. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

यानंतर शहाण्या माणसानं पत्रक वाचलं असतं. मी पत्रकातली चित्रं बघितली. एका बाटलीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. झाकणातून नळी निघते, मध्ये साध्या पाण्याच्या छोट्या बाटलीतून गॅस धुऊन पुढे जातो आणि टाकीत एका खडूच्या चकतीतून बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडतो. चित्रं इतकी सोपी होती की मजकुराची गरज वाटली नाही. मधली छोटी बाटली मला शोभेची वाटली, म्हणून गाळली. यीस्ट पाव चमचा लिहिलं होतं. बेकरीवाल्याकडून मी चांगलं मूठभर आणलं होतं, ते परत कोण ठेवणार, म्हणून चार चमचे घातलं. सगळं जोडलं आणि खुर्ची ओढून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पण नळीतून एक बुडबुडा येईल तर शपथ. मी बाटली दाबून बघितली. अंगठा आत गेला.

आता तूच सांग, चौतीस वर्षं ज्या हातानं मऊ बाटल्या परत पाठवल्या, त्या हाताला हे कसं सहन व्हावं? दाबच नाही तर गॅस जाणार कशाच्या जोरावर? मी कपडे वाळत घालायचा चिमटा आणला आणि नळीला लावून ती पक्की बंद केली. म्हटलं, आधी दाब चढू दे, बाटली दगडासारखी कडक होऊ दे, मग सोडू. आणि समाधानानं वर जाऊन जेवलो. (पत्रकात दुसऱ्या पानावर, चौकटीत, जाड ठशात छापलेलं होतं की नळी कोठेही, कोणत्याही कारणाने बंद करू नये. टाकीवाल्याला मी नंतर विचारलं, की असं कोण मूर्ख करतं म्हणून तुम्ही चौकटीत छापलंत? तो म्हणाला, आजवर कुणीच केलं नव्हतं.)

जेवून खाली आलो तर बाटली अशी टणक, अशी तुकतुकीत, की आमच्या खात्यात तिची मिरवणूक काढली असती. मी चिमटा काढला. मग जे काही झालं ते दोन भागांत झालं. आधी बाटलीतला फेस, साखर, यीस्ट, सगळा ऐवज नळीतून थेट टाकीत गेला आणि टाकी बघता बघता दुधासारखी पांढरी झाली. मासे दिसेनात, झाडं दिसेनात, मला माझा हातही दिसेना. आणि मग झाकण उडालं. आवाज उत्तम आला. तुझी भावजय वरून "काय झालं?" म्हणून ओरडली, आणि मी, देवाशपथ सांगतो, सवयीनं "माल पास!" म्हणून ओरडलो.

चार दिवस मासे बादलीत ठेवून मी पाणी बदलत होतो. वरून खाली बादल्या, खालून मोरीत बादल्या. डाव्या गुडघ्यानं रोज चौथ्या पायरीवर निषेध नोंदवला. खोलीला बेकरीचा वास आला तो आठवडाभर गेला नाही. (वाईट नव्हता. तुला आवडला असता.) पण ताई, चौथ्या दिवशी पाणी निवळलं तेव्हा मी आधी उजव्या कोपऱ्यात बघितलं. काडी होती. दोन पानांपैकी एक गळलं होतं. करार संपायला आठ आठवडे उरले होते आणि माझ्याजवळ एक पान उरलं होतं. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मी भाऊजींच्या खुर्चीत बसलो आणि त्यांना मोठ्यानं म्हणालो, की तुमचं सगळं थेंबाथेंबानं, माझं सगळं फसफसून, आता तुम्हीच सांगा काय करू. हयात असतानाही त्यांनी मला कधी सल्ला दिला नाही. ते नुसते घड्याळ दुरुस्त करत राहायचे आणि आपण बोलता बोलता आपोआप गप्प व्हायचो.

मग खिशातून पत्रक काढलं आणि वाचलं. पहिल्या ओळीपासून. नवशिक्यासारखं.

त्यात लिहिलं होतं, की छोट्या टाकीला फार लागत नाही. दोन सेकंदांना एक बुडबुडा, एवढ्यानं सुरुवात करावी. मी ते तीन वेळा वाचलं. दोन सेकंदांना एक! आमच्या मशीनवर तेवढ्या वेळात चार बाटल्या भरून, झाकण ठोकून, पुढे जायच्या. एवढ्याशा गॅसमध्ये डासालाही ढेकर येणार नाही. पण ठरवलं, की या वेळी कागद म्हणेल ते. पाव चमचा म्हणजे पाव चमचा. मधली बाटली म्हणजे मधली बाटली. टाकीचं पाणी नळीतून उलटं येऊ नये म्हणून मध्ये एक छोटी झडप लावायची असते, तीही लावली. दिवा रोज आठ तास, आणि तो मालवला की नळी टाकीबाहेर, कारण अंधारात झाडं गॅस खात नाहीत. शांत डोक्यानं तिसरी बाटली जोडली आणि पहिल्या दिवशी काहीही झालं नाही. मी बाटली दाबली नाही. हात पाठीमागे बांधून खोलीत फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खडूच्या चकतीतून एक बुडबुडा निघाला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

आता प्रश्न आला मोजायचा. माझ्या मनगटावरच्या घड्याळातला सेकंदाचा काटा चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावला की बुडबुडा दिसत नाही. तेव्हा लक्षात आलं, की वर भिंतीवर भाऊजींचं लंबकाचं घड्याळ आहे. तू गेल्यापासून कुणी किल्ली न दिल्यानं ते पावणेचारला उभं होतं. मी स्टुलावर चढलो, किल्ली दिली, लंबकाला बोट लावलं. ताई, ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. लंबक एकदा तिकडे, एकदा इकडे, की दोन सेकंद. बरोबर तेवढ्यात एक बुडबुडा. तिकडे, इकडे, बुडबुडा. मी अर्धा तास नुसता बसून होतो. खोलीत टिकटिक सुरू झाली आणि खोली एकदम खोली वाटायला लागली. इतके दिवस मला तिथे नक्की काय खटकत होतं ते तेव्हा कळलं.

गॅस पुरतोय की नाही हे बघायला टाकीवाल्यानं काचेचा एक एवढासा फुगा दिला. तो आतल्या बाजूनं काचेला चिकटवायचा. त्यातलं पाणी निळं तर गॅस कमी, हिरवं तर बरोबर, पिवळं तर जास्त. आणि रंग बदलायला दोन तास लागतात, तेवढा धीर धरायचा. यावरून आमच्या घरात जी भांडणं झाली ती लग्नातही झाली नव्हती. मला ते पाणी पहिल्या दिवसापासून हिरवं दिसत होतं. तुझी भावजय म्हणे, निळं. शेवटी तिनं शिवणाच्या डब्यातून हिरव्या आणि निळ्या दोऱ्याची रिळं आणून फुग्याच्या दोन बाजूंना ठेवली. निळं निघालं. पाचव्या दिवशी मात्र हिरवं झालं आणि तिनं स्वतःहून कबूल केलं. त्या दिवशी तिनं दोन वेळा चहा केला.

दुसऱ्या आठवड्यात गवताला हिरवे कोंब आले. भोकं पडलेली पानं काढून टाकली, तर मधून नवी, अखंड पानं वर आली. पण लाल काडी तशीच. मी रोज बघायचो. सोळाव्या दिवशी टोकाला काहीतरी दिसलं. मला वाटलं, घाण अडकली असेल. भाऊजींचं भिंग खणातून काढून डोळ्याला लावलं. ताई, पान होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, आणि लाल. मी तसाच भिंग डोळ्याला लावून जिना चढलो, चौथ्या पायरीवर गुडघा वाजला की नाही ते आठवत नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, की आलंय. तिनं "काय?" म्हणून विचारलं नाही. तशीच हात पुसत खाली आली. मग मी खोलीत एकटा असताना भाऊजींच्या फोटोलाही सांगितलं. या वेळी बघून सांगितलं.

आता तर दुपारी दिवा लागून तीन-चार तास झाले, की पानांच्या कडेनं बारीक बुडबुडे फुटून वर जायला लागतात. हे गॅसचे नव्हेत. हे झाडांचे स्वतःचे आहेत, त्यांनी सोडलेल्या हवेचे. झाड पोटभर जेवलं की असं होतं म्हणे. पहिल्या दिवशी सोड्यानं जी झालर आली होती ती उसनी होती. ही खरी आहे. मी जन्मभर पाण्यात बुडबुडे घातले, पण ते कुणी परत दिलेले मी पहिल्यांदा बघितले.

असो. तर टाकी अशी आहे. तुझ्या मनावर कसलंही दडपण आणायचा माझा हेतू नाही. भाचा चांगला आहे, लिफ्ट आहे, नातू आहे. करार संपायला बारा दिवस आहेत, तू तुझ्या सोयीनं काय ते ठरव. टाकी मी वर आणून ठेवेन, नाहीतर टाकीवाला घेऊन जाईल. तू सुखात असलीस म्हणजे झालं. सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. १: वर मी मासे अकरा लिहिले आहेत. ते पहिल्या दिवसाचे. आज सकाळी सव्वीस होते. मी आधी दोन दिवस माझ्या डोळ्यांवर संशय घेतला. मग कळलं, की साहेब हे साहेब नसून बाईसाहेब आहेत, आणि ते पोट आमच्या मॅनेजरसारखं असलं तरी त्याचं कारण वेगळं होतं. मायलेकरं सुखरूप.

ता. क. २: तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं आणि ती म्हणते, खरं लिहा नाहीतर मी फोनवर सांगेन. तर तिसरी बाटली मी शांत डोक्यानं जोडली हे खरं आहे, पण ती भरली तिनं, मी दुपारी झोपलो असताना. पाव चमचा यीस्ट तिनं मोजलं. मी उठलो तेव्हा बाटली तयार होती आणि वर चिठ्ठी चिकटवली होती: "दाबू नये." चिठ्ठी अजून आहे. तुझ्या पलंगाच्या बरोबर वर छताला जो गोल डाग पडला आहे तो झाकणाचा. तो मात्र संपूर्ण माझा आहे.

ता. क. ३: गेल्या आठवड्यात घरमालकानं खोली बघायला एक जोडपं पाठवलं होतं. माणसं भली होती. त्यांना खोली आवडली, उजेड आवडला, घड्याळसुद्धा आवडलं. मी त्यांना अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, की खोलीबरोबर टाकी येते, टाकीत दोन सेकंदांना एक बुडबुडा येतो आणि तो रोज कुणीतरी बसून मोजावा लागतो. नाहीतर काय होतं ते बघा, म्हणून छताकडे बोट दाखवलं. ती पुन्हा आली नाहीत. घरमालक मला विचारत होता. मी म्हटलं, कुणास ठाऊक.

ता. क. ४: वर "तुझ्या सोयीनं ठरव" असं लिहिलंय ते खोटं आहे. ताई, मला करमत नाही. जिना उतरून मी रोज तुझ्या दारात जातो आणि हात आधी कडीकडे जातो, मग आठवतं की किल्ली माझ्याच खिशात आहे. तू नातवाकडे वर्षातून चार महिने जा, सहा महिने जा, मी टाकी सांभाळीन, डोकं चालवणार नाही. पण खोली सोडू नकोस. लाल झाड आता पाण्याच्या टोकाला पोचलंय. पत्रकात शेवटच्या पानावर लिहिलंय, की असं झालं की वरचा शेंडा कापावा आणि शेजारीच वाळूत खोवावा, म्हणजे एकाची दोन झाडं होतात. उशीर केला तर खालची पानं गळतात. दहा-बारा दिवस ते थांबेल, टाकीवाल्याला विचारून घेतलंय. तुझी भावजय म्हणते, तुम्हीच कापा, नाहीतर मी कापते. मी दोघांनाही, म्हणजे तिला आणि मला, मनाई केली आहे. कात्री भाऊजींच्या खणात, भिंगाच्या शेजारी आहे. भिंग मी वापरलं. कात्रीला हात लावलेला नाही.